रायफल अडकली, पण दोष कोणाचा?

थोडं मोठं लिहितोय. ज्यांच्या घरातलं लेकरू पोलीस भरतीची तयारी करतंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराला सुपौल जिल्ह्यात पोलिसांच्या २२ रायफली सलामीला उभ्या होत्या. हुकूम झाला, घोडे दाबले, एकही वाजली नाही. मुख्यमंत्री समोर उभे. तो व्हिडिओ आजही फिरतो आणि खाली लोक हसण्याच्या खुणा टाकतात. मला हसू येत नाही. मी फौजेत होतो, त्यातली बरीच वर्षं हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. २२ पैकी एक वाजली नाही तर ती रायफलीची बिघाडी. २२ च्या २२ वाजल्या नाहीत तर ती रायफलीची बिघाडी नसते, त्यामागच्या व्यवस्थेची असते.

आता रायफल अडकते म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. एसएलआर ही आपल्याकडे पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलेली ७.६२ ची रायफल. मॅगझिनमध्ये २० राउंड. ही सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे एकदा घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. भरते कोण? सुटलेल्या गोळीमागचा गॅस. तो थोडासा वर वळतो, पिस्टनला मागं ढकलतो, खाली खोका बाहेर फेकला जातो, परत येताना चाल नवा राउंड चेंबरमध्ये घेते. जुन्या थ्री नॉट थ्रीत हे सगळं दर गोळीला हातानं करावं लागतं. म्हणून ती हळू, पण कुरकुर कमी. सेमी ऑटोमॅटिक वेगवान, पण तिला निगा लागते. आपल्या मळणी यंत्रासारखंच आहे हे. बैलाच्या मळणीत अडकायला काही नव्हतं; यंत्र आलं, काम दहापट झालं, पण ओलं सोयाबीन घातलं की बसलं अडकून.

आता एकच रायफल सारखी सारखी अडकत असेल तर काय बघायचं? आमच्याकडे एक जवान होता, नवाच. चांदमारीला त्याची रायफल दर पाच-सहा राउंडला अडकायची. खोका अडकत नव्हता, पुढचा राउंडच नीट वर येत नव्हता. वरचे म्हणाले, पोरगं साफसफाई करत नाही. त्याला मैदानाला चकरा मारायला लावल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच, पुन्हा चकरा. मी रायफल खोलून पाहिली तर आरशासारखी स्वच्छ. गॅस रेग्युलेटरमध्ये काजळी नाही, चेंबर कोरडं. मग त्याचं मॅगझिन शेजारच्या जवानाला दिलं आणि शेजारच्याचं त्याला. पुढच्या फेरीत शेजारच्याची रायफल अडकली! मॅगझिनचे ओठ, म्हणजे राउंड धरून ठेवणारी वरची कड, एका बाजूनं किंचित वाकलेली होती. कधीतरी कोणाच्या तरी हातून दगडावर पडलेलं असणार.

यातला धडा एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मॅगझिन, मग राउंडची पेटी, मग गॅस, मग स्प्रिंगा आणि खोका ओढणारा एक्स्ट्रॅक्टर. माणसाला शिक्षा हा बिघाड शोधायचा मार्ग नव्हे. पण सगळ्यात सोपा मार्ग तोच, म्हणून आधी तोच धरला जातो.

मोठ्या पातळीवरही हेच होतं. इन्सास रायफल आपल्या पुण्यातल्या एआरडीई या संस्थेनं आखली. कारगिलमध्ये १९९९ ला ती नवीनच हाती आली होती. थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकण्याच्या आणि रायफल अडकण्याच्या तक्रारी आल्या. पुढे २००५ मध्ये नेपाळात कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४० हून अधिक सैनिक गेले. नेपाळी सैन्य म्हणालं, भारतानं दिलेल्या इन्सास लढाईत दगा देतात. भारताकडून उत्तर आलं की वापर आणि निगा नीट झाली नसेल. दोन्हीत तथ्य असू शकतं. पण बघा, मेलेल्या माणसाला ना रायफलीची बाजू मांडता येते ना स्वतःची.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण तर डोळ्यासमोर आहे. २६ नोव्हेंबर २००८. सीएसटी स्टेशनात दोघांकडे एके ४७, समोर आपले रेल्वे पोलीस, कोणाकडे जुनी थ्री नॉट थ्री, कोणाकडे नुसती काठी. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबची बंदूक हातानं धरून ठेवली, तेव्हा त्यांच्या हातात रायफल नव्हती. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते योग्यच. पण एका माणसाचं धैर्य हे व्यवस्थेच्या अपयशावर पांघरूण होऊ नये. नंतर राम प्रधान समितीनं हत्यारांबरोबर सरावाच्या गोळ्यांच्या टंचाईकडेही बोट दाखवलं. ज्या राज्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, भुसावळजवळ वरणगावला रायफलीच्या गोळ्या बनतात, त्या राज्यात पोलिसाला सरावाला गोळ्या कमी पडतात. काहून?

सरकार नवी रायफल घेतं तेव्हा मोठी बातमी होते. अमेरिकेची सिग सॉअर आली, अमेठीजवळ कोरव्याला एके २०३ तयार होतेय. चांगलंच आहे. पण नवी रायफलही धूळ खाते, तिचंही मॅगझिन पडतं, तिच्याही स्प्रिंगा थकतात. कोतमध्ये हात काळे करणारा आर्मोरर, सुटे भाग आणि वर्षाला ठरलेल्या गोळ्यांचा सराव, या तीन गोष्टींची बातमी कधी होत नाही. फीत कापायला तिथं कोणी जात नाही.

आपल्या जवळा बाजारात पहाटे पाचला औंढ्याच्या रस्त्यानं पोरं-पोरी धावताना दिसतात. गोळाफेक, १६०० मीटर, लेखीचा अभ्यास. हिंगोलीत राज्य राखीव दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे त्या वर्दीची ओढ इथल्या प्रत्येक गावात आहे. ही लेकरं भरती होतील, बंदोबस्ताला जातील, काही गडचिरोलीला जातील. बाप हळद विकून क्लासची फी भरतो. त्या लेकराच्या हातात जी रायफल येईल ती मागच्या वर्षी किती वेळा चालवली, कोणी तपासली, हे विचारायचा हक्क त्या बापाला नाही का?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा रस्ता, पाणी विचारतो तसं हेही विचारा: आपल्या जिल्ह्यातल्या पोलिसाला वर्षात सरावाला किती राउंड मिळाले? आर्मोररची किती पदं रिकामी? हत्यारांची संख्या गुपित ठेवा, आमची हरकत नाही. पण सराव झाला की नाही हे गुपित नसावं. आणि रायफल अडकल्याची चौकशी लागली तर ती जवानापासून सुरू होऊन जवानापाशीच संपू नये.

फौजेत रायफल अडकल्यावर जे करायचं त्याला ‘फौरी इलाज’ म्हणतात. तो जवानाला पाठ असतो. त्याच्या वरच्यांनाही एखादा पाठ करायला लावा. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली लिहा, मी वाचतो.