हिवऱ्याची वाट

हिवर हे काही मोठ्या मानाचे झाड नव्हे. पांढुरकी साल, अंगभर काटे आणि सावली असून नसल्यासारखी. पण त्याचे नाव लावून बसलेली गावे किती! हिवरा, हिवरे, हिवरखेड. पत्रावर तालुका-जिल्हा लिहायचा राहिला तर पोस्टमनने कपाळाला हात लावावा. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातल्या हिवऱ्याला मात्र ही अडचण नाही. त्याच्या नावापुढे ‘आश्रम’ लागला आहे, आणि एस. टी.च्या कंडक्टरला तेवढी खूण पुरते.

गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर मी तिकडे गेलो, तो हवापालटासाठी गेलो असे घरात सांगितले होते. ते पुरते खरे नव्हते. त्या भागात, नदीच्या अंगाला, आमची तीन एकर जमीन आहे. वडील नोकरीसाठी पुण्याला आले ते तिथलेच झाले. जमीन चुलतभाऊ बटईने करतो. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझे नाव चढले. एकीकडे मुलीची फी, दुसरीकडे घराचे हप्ते, अशा कात्रीत सापडलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला वडिलोपार्जित जमिनीची आठवण का व्हावी, हे वाचकांना फोड करून सांगायला नको. त्यात मेहकरजवळून समृद्धी महामार्ग गेलेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ज्या वावरांना कुणी हिंग लावून विचारत नव्हते त्यांची चौकशी मुंबईहून होऊ लागली. मलाही एक फोन आला. दादाला मी यातले अक्षर कळवले नव्हते. “सहज येतोय,” एवढेच म्हणालो होतो.

मेहकरच्या स्टँडवर दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. “आधी बालाजीले जाऊ,” म्हणाला. शार्ङ्गधर बालाजीची ही काळ्या पाषाणाची मूर्ती १८८८ साली जमिनीत सापडली. मान वर करून पाहावी लागते, इतकी उंच. इतके मोठे दैवत मातीखाली निजले होते आणि वरून माणसे ये-जा करीत होती, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. आताही वाटले. मूर्तीचा गुळगुळीतपणा आणि बारीक कोरीवकाम पाहताना मी माझे काम पाच-दहा मिनिटे विसरलो. दादा मात्र माझ्याकडेच पाहत होता.

गावाखालून पैनगंगा वाहते. आमचे वडील जिल्ह्याचे दोनच भाग मानीत: घाटावरचा आणि घाटाखालचा. बाकीचा भूगोल त्यांच्या मते मास्तरांनी मुलांना छळण्यासाठी काढला होता. या विभागणीत तथ्य आहे. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जाते. घाटावरचे पाणी पैनगंगेला मिळते, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत थेट बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. भाऊबंदकीची वाटणीही इतकी सरळ होत नाही.

मेहकरहून चिखलीच्या अंगाला निघालो. सोयाबीन निघाले होते, तूर फुलावर यायची होती, कपाशीची बोंडे उकलत होती. लोणारचे सरोवर याच मुलखात, पण त्याच्याकडे सारे जग येते. उल्केच्या आघाताने झालेला तो जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खळगा, २०२० साली गुलाबी झालेले त्याचे खारे पाणी, यांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. हिवऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही.

शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला, रोग्यांना औषधे दिली, शाळा काढल्या. ते २०१७ साली निवर्तले. आश्रम म्हटले की शहरातल्या माणसाच्या भुवया आपोआप वर जातात. माझ्याही गेल्या होत्या. पण आत शिरलो तो सायकली धरून चाललेल्या पोरांच्या घोळक्यात सापडलो. इथे कृषी महाविद्यालयही आहे. एका मुलाला विचारले, काय शिकतोस? म्हणाला, “माती.” माझ्या वर्गातल्या मुलांना विचारले तर इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटत नाही.

जवळच कोराडी धरणाचा जलाशय आहे. पाणी काठोकाठ होते. कन्याकुमारीच्या धर्तीवर इथेही विवेकानंदांचे स्मारक पाण्यात उभे केले आहे. कन्याकुमारीला तीन बाजूंनी समुद्र, इथे चारी बाजूंनी सोयाबीन! मी हे विनोदाने बोललो. दादा हसला नाही.

“तू पौषात ये,” तो म्हणाला. पौष वद्य सप्तमीला विवेकानंद जयंती असते. लाखांनी माणसे येतात, मोकळ्या रानात पंगतीला बसतात, आणि पंगती इतक्या लांब की वाढप्यांनी चालत जायचे म्हटले तर पुरी पोचेपर्यंत भाजी निवायची. म्हणून पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात. “ट्रॅक्टर पंगतीतून जाते, पोरं वरून वाढतात. कोनी उठत नाही, कोनी ढकलत नाही. मी दर साली भाजीच्या ट्रॅक्टरवर असतो.”

मग वावरात गेलो. तीन एकर म्हणजे किती, हे सातबाऱ्यावर कळत नाही. बांधावरून चालताना धाप लागली. नाल्याच्या कडेला काळ्याभोर मातीत वांग्याचा पट्टा होता.

“हे बाजाराले?” मी विचारले.

“बाजाराले बी. दोन पोते पौषात आश्रमात देतो. काकाच्या नावानं.”

माझे वडील जिवंत असतानाही ही वांगी जात होती का, हे विचारायचे मला सुचले नाही. दादा खाली बसून एका झाडाची कीड पाहू लागला. मान वर न करता म्हणाला, “सौदा झाला का रे बापू?”

मी गप्प. तो पुढे म्हणाला, “गावात काय लपते? मुंबईची गाडी आली होती, माणसं बांधावर उभी राहून फोटो काढून गेली. वावर तुहं हाय. मी काय बोलू? एवढंच सांग, तुरीवर फवारा मारू का नको.”

पंचवीस वर्षे मी वर्गात ग्रामीण कथा शिकवतो. त्यातल्या शहरी, सुशिक्षित भावाचे स्वभावचित्र मुलांना टिपून घ्यायला सांगतो. त्या दिवशी उन्हात उभा राहून ते चित्र पुन्हा एकदा तपासून पाहिले. माझ्या टिपणात चूक काढायला जागा नव्हती.

“फवारा मार,” मी म्हणालो.

वहिनींनी जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि त्याच पट्ट्यातल्या वांग्यांचे भरीत केले होते. पैशाची गोष्ट कुणी काढली नाही. निघताना त्यांनी पिशवीत तुरीची डाळ घातली, वर वांगी रचली, आणि सूनबाईंना सांगा, तेल जास्त घालू नका, असा निरोप दिला.

हिवऱ्याला रस्त्याच्या कडेला एस. टी.ची वाट पाहत उभे होतो तेव्हा फोन वाजला. मुंबईचे गृहस्थ होते. सोमवारी कागद करायचे का, म्हणून विचारीत होते. मुलीच्या फीची तारीख दिवाळीनंतरची होती. ती मला पाठ होती. दादा दोन पावले बाजूला सरकला आणि हिवऱ्याच्या पाटीकडे पाहू लागला, जणू ती त्याने आजवर कधी वाचली नव्हती.

“पौष जाऊ द्या,” मी फोनवर म्हणालो, “मग बोलू.” तिकडून काहीतरी घाईने सांगणे चालू होते, पण तेवढ्यात गाडी आली.

दादाने पिशवी वर दिली. “वांगे पायापाशी ठेवू नको,” तो खालून ओरडला, “मांडीवर घे, चेंबतीन.”