आत बसलेला माणूस

तुम्ही कधी विमानाला हवेत उभं राहिलेलं पाहिलंय? नाक आभाळाकडे, शेपूट जमिनीपासून हातभर वर, आणि विमान जागच्या जागी स्वतःभोवती गिरक्या घेतंय! पाहणारा हमखास विचारतो, "खरं विमान असं करतं?"

नाही करत. माझं करतं.

माझं विमान म्हणजे 'एक्स्ट्रा ३००' या जर्मन कसरती विमानाची रिमोटवर उडणारी प्रतिकृती, खऱ्याच्या ४० टक्के मापाची. पंखांची लांबी सुमारे ३ मीटर, वजन १८ किलोच्या आसपास. तिचं पेट्रोल इंजिन तिच्या वजनापेक्षा जास्त जोराने ओढतं, म्हणून ती नुसत्या पंख्यावर लटकून राहू शकते. खऱ्या एक्स्ट्राला ३०० अश्वशक्तीचं इंजिन असतं, तरी ते स्वतःचं वजन असं पेलून धरू शकत नाही. क्षणभर थबकतं आणि खाली येतं.

मला याचा भारी गर्व होता. तो एका रविवारी उतरला.

विमान तुमच्यापासून दूर जात असतं तेव्हा डावं ते डावंच असतं. ते तुमच्याकडे वळलं की सगळं उलटं दिसतं. नवशिक्यांना आम्ही सांगतो, जो पंख झुकलाय त्याच बाजूला काठी ढकला. मीच अर्ध्या सेकंदासाठी ते विसरलो. आठ महिन्यांची मेहनत एका पोत्यात भरून घरी आली. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

पुढच्याच महिन्यात बंगळुरूला येलहंकाच्या तळावर 'एअरो इंडिया' होतं. लेकीला घेऊन गेलो. हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाची नऊ लाल-पांढरी विमानं डोक्यावरून गेली. मी म्हणालो, "यांच्यापेक्षा माझं विमान जास्त कोलांट्या मारायचं."

"पण बाबा, तुझ्या विमानात कुणी बसलेलं नसायचं ना?"

मी गप्प झालो. जोरदार वळणात वैमानिकाचं वजन कित्येक पटींनी वाढतं. पाचपट म्हटलं तरी ७० किलोचा माणूस ३५० किलोंचा होतो. रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय आणि पोट आवळून, श्वास रोखून तो शुद्धीवर राहतो आणि त्याच वेळी शेजारच्या विमानापासूनचं अंतरही सांभाळतो. याच येलहंकात फेब्रुवारी २०१९ मध्ये, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सराव करताना सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली. एका वैमानिकाचा जीव गेला. त्याच्या घरच्यांचं दुःख कुठल्या पोत्यात मावणार होतं?

घरी परतल्यावर मी ते पोतं उघडलं. बाल्साच्या फळ्या, डिंक, सँडपेपर काढला. लेक शेजारी बसली. माझी चूक दुरुस्त होण्यासारखी होती, हे केवढं मोठं भाग्य!

नव्या विमानाच्या कॉकपिटमध्ये लेकीने एक छोटा बाहुला बसवलाय. लटकवताना आता मी ते दोन माणसं उंच ठेवतो. तुम्हीही कधी हवाई कसरती पाहायला गेलात, तर धुराच्या रेषांबरोबर त्या काचेकडेही बघा. आत कुणीतरी बसलेलं असतं.