स्टेटस कुणाकुणाला दिसतंय?

आमच्या बिरवाडीत नोकरी शोधणाऱ्याचं सोशल मीडिया म्हणजे लिंक्डइन नव्हे, व्हॉट्सॲपचं स्टेटस. शेजारीच महाड एमआयडीसी आणि तिथल्या केमिकल कंपन्या. आयटीआय झालेल्या पोरांसाठी आत जायची वाट बहुतेक वेळा लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून जाते. त्याचा फोन येईल म्हणून पोरं त्याचा नंबर सेव्ह करतात, तो यांचा करतो. आणि दोघांकडे एकमेकांचा नंबर असला की स्टेटस दिसायला लागतं. म्हणजे मुलाखत रोजच चालू. गावकीतलं भांडण, नेत्याचा वाढदिवस, नदीवरचा फेस, सगळं त्याच्या फोनवर, ज्याच्या हातात उद्याचा गेटपास आहे.

मी लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गणपतीला घरी गेलो की आरतीनंतर दोन-तीन जण पडवीत येऊन बसतात. "दादा, अकाउंट साफ करून दे ना."

देतो करून. फेसबुकच्या जुन्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फ्रेंड्सपुरत्या करता येतात. इन्स्टाग्रामवर पोस्ट डिलीट न करता अर्काइव्ह करता येते. स्टेटस ठरावीक लोकांपासून लपवता येतं. शिवीगाळ, जातीवरून केलेले विनोद, मुलींच्या फोटोंखालच्या घाणेरड्या कमेंट मात्र मी सरळ काढायला लावतो. त्या नोकरीसाठी नव्हे, तशाही काढायलाच हव्यात.

गाडी अडते ती पुढे. माझी मावसबहीण बीएस्सी केमिस्ट्री झाली आणि एका कंपनीच्या लॅबमध्ये जागा निघाली. तिच्या प्रोफाइलवर जुलै २०२१ च्या पोस्ट होत्या. २२ जुलैला महाड पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. त्या दिवसांत कुठे पिण्याचं पाणी हवंय, कुठे औषधं, कोणाचा फोन लागत नाहीये, हे ती टाकत होती. शेवटची पोस्ट रागातली होती : पूर ओसरल्यावर घरात राहिलेल्या चिखलाला हा कसला वास येतोय, कोणी सांगेल का?

"दादा, ही ठेवू की काढू?"

मला पटकन उत्तर देता येईना. कायदा पाठीशी असेल म्हणावं, तर २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातून आपणच सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे. सरकारी नोकरी बरी म्हणावी, तर जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना सोशल मीडियावर सरकारी धोरणांवर टीका करू नका असं बजावलं. त्यात कंत्राटीवालेही आले. आणि माझ्या क्षेत्रातल्यांचं अमेरिकेचं स्वप्न? डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी व्हिसा मागणाऱ्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात. म्हणजे इकडे दाराला कुलूप लावायचं आणि तिकडे दार सताड उघडं टाकायचं.

हल्ली मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो. एकदा एक सहकारी उमेदवाराचं इन्स्टाग्राम उघडून म्हणाला, "हा फार राजकीय दिसतोय रे." पोरगा तासभर सुरेख कोड लिहून गेला होता. मी म्हटलं, त्याने लिहिलेलंच बघायचं तर हा कोड बघू. त्याला घेतला. पण मी नसतो तर? त्याला नकाराची एक ठरावीक ईमेल गेली असती आणि खरं कारण जन्मात कळलं नसतं.

भीती येते ती इथून. नेमकं काय नडलं ते कोणी सांगत नाही, म्हणून पोरं सगळंच पुसतात. मग उरतं काय? शिवजयंतीच्या शुभेच्छा, गुड मॉर्निंग आणि रायगडावरचा सेल्फी. नोकरीला घेणाऱ्याला यातून काही कळत नाही. आणि पुढच्या पुरात, चिखलाला वास येतोय हे लिहायला कोणी उरत नाही.

शेवटी बहिणीचं तिनेच ठरवलं. मदतीच्या पोस्ट तशाच ठेवल्या. वासाची पोस्ट 'ओन्ली मी' केली. नोकरी लागली, कॉन्ट्रॅक्टवर.

"काढली नाहीये हां," ती म्हणाली, "परमनंट झाले की परत पब्लिक करीन."

एमआयडीसीत परमनंट व्हायला किती वर्षं लागतात, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.