चांदे, चेलो आणि रविवारची सकाळ

हिंजवडीत फेज थ्रीला नोकरी करणाऱ्या मंडळींना चांदे हे नाव बहुतेक वेळा होर्डिंगवरच भेटतं. हसरं कुटुंब, मागे हिरवागार डोंगर आणि 'ऑफिसपासून अवघ्या काही मिनिटांवर'! मुळशी तालुक्यातलं हे गाव शेजारच्या नांद्याला इतकं चिकटलेलं आहे, की लोक एका दमात 'नांदे-चांदे' म्हणून मोकळे होतात. सूसच्या बाजूने निघालात, की आधी नांदे, मग चांदे. मध्येच भातखाचरं, मध्येच टॉवर आणि सिमेंटच्या मिक्सरमागे अडकलेली तुमची बाइक. २०१८ साली आलेला 'मुळशी पॅटर्न' ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे जमीन म्हणजे काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नकोच.

आमचं चांद्याला जाणं-येणं सुरू झालं ते मात्र जमिनीसाठी नाही, आवाजासाठी. माझी एक मैत्रीण आयटीत टेस्टिंग करते. तिशी तोंडावर आलेली असताना स्थळं बघायची सोडून तिने घरात चेलो आणला (हे तिच्या आईचं वाक्य, माझं नाही). चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. त्याची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि खालची लोखंडी पिन थेट फरशीवर टेकलेली असते. म्हणजे खालच्या मजल्यावर काय होत असेल, विचार करा! कोथरूडमधल्या तिच्या सोसायटीने दोन आठवडे सहन केलं, तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला. तिने सरळ चांद्यात तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने घेतला. निम्मी बिल्डिंग रिकामी आणि बाल्कनीपलीकडे भात.

रविवारी सकाळी मीही जाऊन बसते. तिचे सर ऑनलाइन शिकवतात. ती शिकते आणि तिचं झालं की गज माझ्या हातात येतो.

गज, म्हणजे बो, हीच खरी भानगड आहे. पहिले कित्येक आठवडे डाव्या हाताला कामच नाही. बोटं न ठेवता रिकाम्या तारा वाजवायच्या, बस्स. गजाचं वजन साधारण ८० ग्रॅम, तुमच्या मोबाइलच्या निम्मंसुद्धा नाही. लाकडाची काठी, तिला ताणून बसवलेले घोड्याच्या शेपटीचे केस आणि त्यावर घासलेली राळ. राळ नसेल तर केस तारेवरून नुसते घसरतात, आवाजच येत नाही. राळेमुळे केस तार धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. सेकंदाला शेकडो वेळा. आपण ज्याला सूर म्हणतो, ती ही धरसोड असते.

आता हा गज धरायचा कसा? हात खांद्यापासून सैल सोडायचा, लोंबकळू द्यायचा आणि तसाच्या तसा काठीवर ठेवायचा. अंगठा आत वाकलेला, बाकीची बोटं वरून अलगद. ऐकायला सोपं वाटतं ना? दिवसाचे नऊ तास माउस धरणाऱ्या हाताला 'सैल' हा शब्दच कळत नाही. खांदे कानापर्यंत चढतात, अंगठा ताठ होतो आणि चेलोतून जे काही बाहेर पडतं, त्यावर शेजारच्या शेतातल्या काकांनी पहिल्याच रविवारी कुंपणापलीकडून विचारलं, "ताई, म्हैस रेकती का काय?"

काकांचा मुद्दा बरोबर होता. तार दाबली की ती रेकतेच. जोर लावायचा नसतो, हाताचं वजन टाकायचं असतं. या दोन्हींतला फरक कळायला मैत्रिणीला दोन महिने लागले. त्यातून गज सरळ चालवायचा. कोपर बिजागरीसारखं उघडलं नाही तर हात आपोआप कमान काढतो आणि गज घोडीपासून पट्टीकडे सरकतो. पट्टीकडे आवाज मऊ, धुरकट. घोडीजवळ करकरीत, तिथे वजन जास्त लागतं आणि वेग कमी. म्हणून ती कपाटाच्या आरशासमोर बसते. मेट्रोनोम ६० वर, आठ मोजत गज उजवीकडे, आठ मोजत परत. सुरुवातीला पाचालाच गज संपतो! शेवटी वळताना बसणारा हिसका हे आणखी वेगळं दुखणं.

पाब्लो कासाल्स या जगप्रसिद्ध स्पॅनिश चेलोवादकाच्या लहानपणी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विद्यार्थ्यांना काखेत पुस्तक धरून गज चालवायला लावत. कोपर अंगाला चिकटलेलं राहावं म्हणून. त्याने ते झुगारलं, हात मोकळा केला. ऑफिसच्या खुर्चीत आखडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्याचे आभारच मानायला हवेत.

आपल्याकडेही गजाची थोरवी कमी नाही. २०२१ मध्ये गेलेल्या प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' आठवा. शब्द नसताना शब्द ऐकू यायचे, ते कुठे श्वास घ्यायचा हे त्यांच्या गजाला ठाऊक होतं म्हणूनच. सास्किया राव-द हास या मूळच्या डच कलावतीने तर तरफेच्या तारा जोडून हिंदुस्थानी संगीतासाठी खास चेलो घडवून घेतला. जमिनीवर बसून वाजवतात त्या. आणि पाश्चात्त्य ढंगाचा चेलो समोर बसून ऐकायचा असेल, तर मुंबईचं एनसीपीए आहे. तिथे २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सगळ्या चेलोंचे गज एकाच वेळी एकाच दिशेला जाताना बघणं हाच एक कार्यक्रम असतो.

चांद्यातला पावसाळा मात्र चेलोच्या अजिबात बाजूचा नाही. दमट हवेत गजाचे केस लांबतात, ढिले पडतात. खुंट्या फुगून घट्ट बसतात. वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करायचा, हा नियम बारा महिने, पण जुलैत तो विसरलात तर काठीची खैर नाही. मैत्रिणीने चेलोच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या भरल्यात. बाहेर खाचरात लावणी चाललेली असते आणि आत ही सी तार लावत बसलेली.

काका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गणपतीनंतर एकदा आत आले, चहा घेतला, चेलोच्या पोटावर टिचकी मारून पाहिली. "सारंगीची आज्जी दिसतीये," म्हणाले. मग कणकेचा विषय निघाला. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावली की सूर खाली उतरतो, हे त्यांनी हातवारे करत दाखवलं. त्या दिवशी तिने आठ मोजून पूर्ण गज ओढला, न रेकता. काकांनी मान डोलावली आणि खाचराच्या कडेचा तुकडा विकायचं चाललंय, हेही त्याच बैठकीत सांगितलं.

तिथे आता पत्रे लागलेत. समोरच्या बिल्डिंगचा चौथा स्लॅब पडलाय, ब्रेकर रविवारी नऊलाच सुरू होतो. रिकामे फ्लॅटही भरताहेत. वरच्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ आलंय. त्याच्या आईने अजून तक्रार केलेली नाही, पण मैत्रिणीने पिनखाली जाड रबरी पट्टी आणि सतरंजीची चौपदरी घडी टाकली आहे. भाडेकरार मेपर्यंत आहे. पुढे घोटावड्याच्या बाजूला काही मिळतं का, ते ती बघतेय. तोवर रियाज सकाळी सातला. या रविवारी सरांनी पहिल्यांदा डावा हात वापरायला सांगितलाय, फक्त पहिलं बोट.