सार्वजनिक किनारा

आपल्या वसतिगृहातील नववीच्या मुलांना घेऊन मी अलिबागजवळील आक्षीला गेलो, तो तेथील शिलालेख दाखविण्यासाठी. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे निमित्त पुरेसे असते. मुले मात्र सुरूच्या बनातून थेट समुद्राकडे धावली. त्या सहलीला असलेले माजी विद्यार्थी हे वाचून हसतील.

जानेवारीचा रविवार होता. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. त्यासाठी काही स्वयंसेवक दुर्बीण लावून, वहीत आकडे टिपत उभे होते. ओहोटीने उघडी पडलेली वाळू चिखल्या आणि तुतवार पक्ष्यांनी गजबजली होती. एका ताईंनी मुलांना एकेक करून दुर्बिणीतून पाहू दिले. मुठीत मावेल एवढा चिखल्या तिबेट, मध्य आशियाच्या पठारांवर अंडी घालतो आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढतो. ओल्या वाळूतले किडे वेचून तो अंगी चरबी साठवितो. तीच त्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी. मोटार वा कुत्रा अंगावर आला की थवा उधळतो आणि शिदोरी तेथेच खर्च होते.

फिरायला येणाऱ्यांना ‘जरा लांबून चला’ अशी विनंती करण्याचे काम ताईंनी आमच्या एका मुलाकडे दिले. एका गृहस्थांनी त्याला विचारले, “किनारा तुझ्या बापाचा आहे काय?”

मुलगा गप्प झाला. खरे सांगायचे तर मीही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच जिल्ह्यात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव कायदे मंडळात १९२३ सालीच संमत झाला होता, तरी तळ्यावर पाऊल टाकण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ‘लांब हो’ हे शब्द माझ्या आजोबांनी जन्मभर ऐकले. तेच आता आमच्या मुलाने कोणाला ऐकवावेत?

तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “नाही काका. पण एकदा येऊन बघा ना.” गृहस्थ कुरकुरत आले, दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. मग काही न बोलता सुरूच्या कडेने निघून गेले.

महाडला माणसाला जन्मावरून अडविले जात होते. येथे विनंती होती, ती सर्वांना आणि घटकाभरापुरती. शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना कोणी हटकत नव्हते, हेही मी मुद्दाम पाहून घेतले. उद्या पक्ष्यांच्या नावाने त्यांना हटविले, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. ताईंना तसे बोलूनही दाखविले. त्या म्हणाल्या, “सर, तेव्हा मीही तिथेच असेन.”

शिलालेख आम्ही अखेर विजेरीच्या उजेडात पाहिला.