कजर्

साठी उलटल्यावर माणसाने नवे काही शिकायच्या भरीस पडू नये, असे आमच्या सौभाग्यवतीचे स्पष्ट मत आहे. तरीही गेल्या दिवाळीनंतर मी आमच्या बोरीवलीच्या घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. नवी आवृत्ती त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलणार नव्हती, आणि भंगारवाल्याला हाक मारायला माझी जीभ रेटेना. त्याच यंत्रावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. ते असताना 'वाचू, वाचू' म्हणत वाचायचे राहून गेले.

पेन-ड्राइव्हवर जपलेली त्यांची फाईल उघडली आणि पोटात गोळा आला. मराठीचा मागमूस नाही! रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे यांची नुसती भेळ. चौकशी करता उलगडा झाला. अण्णा वापरीत तो जुना मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे बसवीत असे, आणि तो फॉन्ट मी विंडोजबरोबर स्वतःच्या हातांनी पुसून टाकला होता. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःची घरे दिली होती. लिनस तोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीहून लिनक्सची घोषणा केली तीही त्याच वर्षी. पण अण्णांच्या फॉन्टपर्यंत ही वार्ता पोचली नव्हती.

आमच्या उशाशी कान्हेरीची लेणी आहेत. तिथले ब्राह्मी लेख शतकानुशतके जागेवरच होते. वाचणारा उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि असे दगड बोलू लागले. अण्णांची अक्षरेही हरवलेली नव्हती, हरवली होती ती किल्ली!

जुन्या घरांतली अक्षरे युनिकोडात नेणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळतो असे कळले. तो आणायला जावे, तर इंटरनेट बंद! वायफायचे चिन्ह हसतमुख, पण एकही पान उघडेना.

"अहो, दृष्ट काढू का त्याची?" सौ. म्हणाली.

मी 'पिंग' ही आज्ञा दिली. पाणबुडी ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकते, तशी ही आज्ञा दूरच्या यंत्राला हाक मारून बघते. माइक म्यूस यांनी ती १९८३ साली लिहिली. चार वेळा आठ, असा गूगलचा आकडी पत्ता दिला, तर चटकन उत्तर आले. नाव दिले, तर नावाचा उलगडा होत नाही, अशा अर्थाची ओळ उमटली.

"म्हणजे रस्ता मोकळा आहे," सौ. म्हणाली, "नावावरून पत्ता सांगणाराच जागेवर नाही. वझिरा नाक्यावर आपल्या इमारतीचे नवे नाव सांगितले की रिक्षावाला बघत राहतो, तसे."

अगदी तसेच होते. नावाचा आकडा करून देणाऱ्या यंत्राचा पत्ता वहीतून उतरवताना मीच एक आकडा चुकवला होता. तो सुधारला आणि पाने उघडली.

प्रोग्रॅम आला, अण्णा मराठीत बोलू लागले. पण किंचित बोबडे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकीत, रफार मागाहून. युनिकोडात क्रम उलटा. प्रोग्रॅम कुठे कुठे चकला होता. ते हाताने नीट करीत मी तीन संध्याकाळी बसलो.

एक शब्द पुनःपुन्हा अडत होता: 'कजर्'. रेफ उचलून जागेवर ठेवला, तर 'कर्ज' झाले. माझ्या कॉलेजच्या फीसाठी काढलेले, आणि मी नोकरीला लागल्यावरही अण्णा गुपचूप फेडीत राहिलेले. मी त्या पगारातून स्कूटर घेतली होती.

अकरा ठिकाणी तो शब्द होता. एक आज्ञा दिली असती तर सगळे एका दमात सुधारले असते. मी एकेक करून सुधारले.