डब्याच्या वाटेने मुंबई

मुंबई पाहायला आलेला पाहुणा गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी पाहून परत जातो. इंदूर-बडोद्याहून येणारे आपले आप्तही हाच क्रम पाळतात. त्यांना एक सुचवावेसे वाटते. कामाच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनाबाहेर दहा मिनिटे उभे राहा. हे शहर कशाच्या बळावर दिवसभर राबते, ते तेथे फुकटात पाहायला मिळते.

लोकलच्या सामानाच्या डब्यातून लांबट लाकडी खोकी उतरतात. पांढरी टोपी घातलेली माणसे ती डोक्यावर घेऊन बाहेर येतात. फुटपाथवर जेवणाचे डबे मांडले जातात, झाकणांवरचे रंग, अक्षरे आणि आकडे पाहून पुन्हा निवडले जातात आणि सायकलींवरून, हातगाड्यांवरून फोर्ट, नरिमन पॉइंटकडे निघतात. डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनात उतरायचा, कोणत्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचा, एवढे सारे त्या छोट्याशा खुणेत असते.

मावळातली माणसे

हा व्यवसाय महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुमारे शंभर माणसे घेऊन सुरू केला, असे सांगतात. आजही यातले बहुतेक जण खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या भागांतले. त्यांच्या संस्थेची नोंदणी १९५६ मध्ये झाली. २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी चर्चगेटला येऊन त्यांची भेट घेतली आणि त्यांचे नाव जगभर गेले.

पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद झाल्या, कचेऱ्या ओस पडल्या आणि हे काम एकाएकी थांबले. कितीतरी जण गावी शेतावर परतले. पूर्वी सुमारे ५,००० डबेवाले असत. आता ती संख्या बरीच रोडावली आहे. घरून काम करण्याची पद्धत आली, फोनवरून जेवण मागवण्याची सोय झाली. त्यामुळे आज मुंबईतले असंख्य डबे त्यांच्या मालकांच्याच खांद्यावरच्या पिशवीतून प्रवास करतात.

खानावळीपासून मॉलपर्यंत

चर्चगेटहून परळ-लालबागकडे वळू या. येथे गिरण्या होत्या तेव्हा कोकण आणि घाटावरून आलेले एकटे कामगार खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बायका घरातल्या चुलीवर दहा-वीस जणांचा स्वयंपाक करत आणि किराणा मात्र उधारीवर आणत. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आल्या. तेथे पहारा देणारे, साफसफाई करणारे आणि दुकानांतून दिवसभर उभे राहणारे लोक त्याच मॉलमध्ये रोज कसे जेवणार? बाहेरच्या जेवणाला दिवसाचे १०० रुपये धरले, तरी २५ दिवसांचे २,५०० रुपये होतात. बेताच्या पगारात हा खड्डा मोठा आहे. म्हणून मागच्या जिन्यात, पार्किंगच्या कोपऱ्यात डबे उघडतात.

त्यांत असते काय? पोळी किंवा भाकरी, बटाट्याची सुकी भाजी, मटकीची उसळ, झुणका, शेंगदाण्याची चटणी. रात्रीची पोळी उरली तर फोडणीची पोळी. सारे स्वस्त, आणि दोन घटकांत होणारे. यातले शहाणपणही पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या दमट हवेत अन्न लवकर आंबते. म्हणून उन्हाळ्यात डब्याच्या भाजीत ओले खोबरे टाळावे, रस्सा आटवून घ्यावा. भाजीची वाफ जाऊ द्यावी आणि मगच झाकण लावावे, नाहीतर वाफेचे पाणी होऊन भाजी उतरते. पोळ्या जरा निवल्यावर कापडात गुंडाळाव्यात. वाटीभर मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणले, की तिघांच्या डब्याची सोय होते आणि पोटाला आधारही मिळतो.

डबा भरणारीचा डबा

आता संध्याकाळी चर्चगेटहून विरारकडे जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात शिरा. खास महिलांसाठीची गाडी या मार्गावर ५ मे १९९२ रोजी सुरू झाली. आधी ती बोरिवलीपर्यंत जाई, नंतर विरारपर्यंत जाऊ लागली. बसायला जागा मिळाली, की पर्समधून पिशवी निघते. कोणी मेथी निवडते, कोणी मटार सोलते. पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण ही उद्याच्या डब्याची तयारी असते. घरी पोचायला आठ वाजणार आणि पहाटे साडेचारला उठायचे, तेव्हा ही वाटेतली पाऊण घटका तिला सोडवत नाही.

हीच बाई सकाळी नवऱ्याचा, मुलांचा, सासऱ्यांचा डबा भरते. सर्वांत शेवटी आपला. भाजी पुरली तर ठीक, नाही तर पोळीला चटणी लावून गुंडाळी करते आणि गाडी पकडायला धावते. स्वस्त डब्याचा हिशेब मांडताना तिची झोप आणि तिच्या वाटची भाजी आपण सहसा धरत नाही.

उपाय अवघड नाही. सर्व डबे एकाच वेळी ओट्यावर मांडावेत आणि भाजी आधी सर्वांत समान वाटावी, आपलाही डबा त्या ओळीत ठेवून. मटकी भिजत घालणे, शेंगदाणे भाजणे, रात्री डबे घासून ठेवणे, याला काही सुगरण लागत नाही. घरातला कोणीही ते करू शकतो. तेवढे झाले, तरी परतीच्या गाडीत तिला मेथीची जुडी बाजूला ठेवून खिडकीला डोके टेकता येईल.